चाहत्याचा पहिला मॉड : प्रकाशन आणि परवाना

नाटकाचा प्रेक्षक कितीही रसिक असला, तरी तिसरा अंक आपल्या मनाप्रमाणे लिहून तो त्याच रंगमंचावर, त्याच नटसंचाकडून आणि त्याच नेपथ्यात दुसऱ्या दिवशी करवून घेणे त्याला शक्य नसते. संगणकावरील खेळांच्या क्षेत्रात मात्र ही गोष्ट गेली चार दशके घडत आली आहे. १९८१ साली निघालेल्या ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ या खेळातील जर्मन शिपायांच्या जागी स्मर्फ या व्यंगचित्रांतील निळ्या बुटक्यांना बसविणारा ‘कॅसल स्मर्फेन्स्टाइन’ १९८३ साली अमेरिकेत तयार झाला. मूळ खेळात चाहत्याने केलेल्या अशा फेरबदलास ‘मॉड’ ही संज्ञा पुढे रूढ झाली. या आरंभीच्या उदाहरणातच तीन पक्ष उपस्थित आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे: मूळ खेळाचा मालक, व्यंगचित्रांचा मालक आणि फेरबदल करणारा चाहता. अशी कृती प्रथमच लोकांपुढे ठेवताना तिच्यातील काय कर्त्याचे असते, काय दुसऱ्याचे असते, आणि जे त्याचे असते ते इतरांना त्याने कोणत्या शब्दांत द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मॉडची घटना

मॉडचे कायदेशीर स्वरूप समजण्यापूर्वी त्याची तांत्रिक घटना समजून घेणे आवश्यक आहे. संगणक-खेळाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे इंजिन. चित्र पडद्यावर उमटविणे, खेळाडूच्या हालचालींची दखल घेणे, ध्वनी वाजविणे इत्यादी कामे करणारी आज्ञावली ती हीच. दुसरा भाग म्हणजे सामग्री: नकाशे, चित्रे, ध्वनी, पात्रे, संवाद. या दोहोंची फारकत जितकी स्पष्ट, तितके चाहत्याचे काम सुकर होते.

आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीच्या ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ या १९९२ च्या खेळात चाहत्यांनी फेरबदल केले, परंतु त्यासाठी त्यांना खेळाच्या मूळ फाइलींवरच नवी सामग्री चढवावी लागे. त्यामुळे मूळ खेळ बिघडे, आणि फेरबदल दुसऱ्यास द्यावयाचा तर मूळ मालकाची सामग्रीही त्याबरोबर जाण्याचा संभव असे. १० डिसेंबर १९९३ रोजी त्याच कंपनीचा ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा जॉन कारमॅक या प्रमुख आज्ञावलीकाराने सर्व सामग्री ‘वॅड’ नावाच्या स्वतंत्र फाइलीत ठेवण्याची योजना केली. चाहत्याने आपली वेगळी वॅड फाइल तयार केली, की इंजिन प्रथम मूळ फाइल व नंतर चाहत्याची फाइल वाचत असे. एकाच नावाचे दोन घटक आढळल्यास नंतरचा घटक ग्राह्य धरला जाई. मूळ फाइलीस धक्का लागत नसे, आणि चाहत्यास केवळ स्वतः निर्मिलेला भाग प्रसृत करता येई.

या योजनेस व्यापारी बाजूही होती. डूमचा पहिला भाग विनामूल्य वाटला जात असे. पुढील भागांसाठी पैसे भरावे लागत. विनामूल्य आवृत्तीवर बाहेरची वॅड फाइल चालविण्यास इंजिन नकार देई. ज्याने खेळ विकत घेतला आहे त्यासच मॉडचा लाभ, असा हा अलिखित सौदा होता. मॉड जितके उत्तम, तितकी मूळ खेळास मागणी अधिक. चाहत्यांविषयीच्या औदार्याचा आर्थिक पाया हा होय.

हक्कांचे थर

केवळ स्वतःची फाइल वाटली म्हणजे मूळ मालकाच्या हक्कास बाध येत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून या समजुतीची मर्यादा दिसून येते.

१९९२ च्या ‘गलूब विरुद्ध निन्टेंडो’ या दाव्यात ‘गेम जीनी’ नावाच्या उपकरणाचा प्रश्न होता. हे उपकरण खेळ व यंत्र यांच्या मध्ये बसवून खेळातील काही मूल्ये तात्पुरती बदलता येत; उदाहरणार्थ, खेळाडूस अधिक जीव मिळत. त्यातून उद्भवणाऱ्या बदलास कोणतेही मूर्त वा स्थायी रूप नसल्यामुळे ती मूळ खेळाची ‘साधित कृती’ ठरत नाही, असा निर्णय झाला.

१९९८ च्या ‘मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन’ या दाव्याचा निर्णय मात्र वेगळा लागला. ‘ड्यूक न्यूकेम ३डी’ या १९९६ च्या खेळात एकोणतीस टप्पे होते, आणि नवे टप्पे रचण्याचे साधनही खेळासोबतच दिलेले होते. चाहत्यांनी रचून विनामूल्य वाटलेल्या टप्प्यांपैकी ३०० टप्पे मायक्रो स्टार या कंपनीने तबकडीवर घालून विक्रीस काढले. कंपनीचा युक्तिवाद असा होता की, या नकाशा-फाइलींत मूळ खेळातील एकही चित्र नाही. कोणते चित्र कोठे ठेवावे याच्या सूचना तेवढ्या आहेत. न्यायालयाने तो अमान्य केला. या सूचना पडद्यावर उमटणाऱ्या दृश्याचे नेमके व स्थायी वर्णन करतात. शिवाय ज्या कथेचा त्या विस्तार करतात ती कथा, तिचा नायक व त्याचे जग मूळ मालकाचे आहे. सबब असे टप्पे म्हणजे मूळ खेळाचे उत्तरभागच होत, आणि उत्तरभाग काढण्याचा अधिकार मालकाचा, असे न्यायालयाचे मत पडले.

यावरून मॉडमधील हक्कांचे थर स्पष्ट होतात. तळाशी मूळ खेळावरील प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट असतो. त्यावर चाहत्याच्या स्वतंत्र निर्मितीचा थर येतो. त्यात त्याची चित्रे, त्याची आज्ञावली आणि त्याची रचना यांचा समावेश होतो. वरचा थर चाहत्याचा असला तरी तळच्या थराच्या अनुमतीवाचून तो उभा राहू शकत नाही. म्हणून मॉडकर्ता ज्या परवान्याने आपली कृती इतरांस देतो, तो परवाना केवळ वरच्या थरापुरता असतो. जे आपले नाही ते देता येत नाही, हा व्यवहारातील साधा न्याय येथेही लागू पडतो.

परवानगी आणि हक्कत्याग

मायक्रो स्टारच्या दाव्यातील आणखी एक मुद्दा मॉडकर्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूळ मालकाने स्वतःच साधन देऊन चाहत्यांना टप्पे रचण्यास उत्तेजन दिले, तेव्हा त्याने आपला हक्क सोडला असे समजावे, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु त्या साधनासोबतच्या परवान्यात, नवे टप्पे इतरांस केवळ विनामूल्य द्यावेत, अशी अट होती. अटीसह दिलेली परवानगी म्हणजे हक्कत्याग नव्हे, असे न्यायालयाने ठरविले.

यास्तव पहिला मॉड प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्याने आरंभी आपला परवाना लिहिण्याऐवजी मूळ खेळाचा परवाना वाचला पाहिजे. त्यात चार प्रश्नांची उत्तरे शोधावयाची असतात. फेरबदल करण्यास अनुमती आहे काय? तयार झालेली कृती इतरांस देण्यास अनुमती आहे काय? तिच्यावर पैसे मिळविता येतात काय? आणि चाहत्याच्या कृतीवर मूळ मालक कोणते हक्क सांगतो? चौथा प्रश्न बहुधा दुर्लक्षिला जातो. ब्लिझर्ड कंपनीने जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा खेळाडूंनी रचलेल्या नकाशांची मालकी कंपनीची राहील असा नियम तिच्यासोबत घोषित केला. असा कठोर नियम का करण्यात आला, हे कळण्यासाठी त्याच खेळातून निघालेल्या एका मॉडचा इतिहास पाहावा लागतो.

एका वाक्याचा इतिहास

‘वॉरक्राफ्ट ३’ हा खेळ २००२ साली निघाला. नकाशे रचण्याचे समर्थ साधन त्यासोबत होते, आणि त्याच्या परवान्यात अशा नकाशांच्या व्यापारी उपयोगास कंपनीच्या संमतीवाचून मनाई होती. ‘यूल’ हे टोपणनाव धारण करणाऱ्या एका चाहत्याने २००३ च्या सुमारास ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’, संक्षेपाने ‘डोटा’, हा नकाशा रचला. पुढे त्याने त्यावरील काम थांबविले. इतरांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. त्यांतील निवडक वीरपात्रे एकत्र करून ‘डोटा ऑलस्टार्स’ तयार झाला. आणि तो ‘गिन्सू’ व त्यानंतर ‘आइसफ्रॉग’ या टोपणनावांच्या कर्त्यांनी पुढे चालविला. अनेक खेळाडूंनी सुचविलेली पात्रे व कल्पना त्यात मिसळत गेल्या.

२००४ साली यूलने एक छोटे निवेदन केले. आपली कृती आता ओपन सोर्स झाली आहे, कोणीही आपल्या संमतीवाचून तिची आवृत्ती काढावी, केवळ श्रेयनामावलीत आपला उल्लेख करावा, असा त्याचा आशय होता. लिहिणाऱ्याच्या मनात औदार्यावाचून दुसरे काही असण्याचे कारण नव्हते. परंतु मॉडची लोकप्रियता इतकी वाढली की त्यातून व्यापारी खेळांचा एक नवा प्रकारच उदयास आला. आइसफ्रॉग २००९ साली व्हॉल्व्ह कंपनीत गेला. ‘डोटा’ या नावावरून व्हॉल्व्ह व ब्लिझर्ड यांच्यात वाद होऊन मे २०१२ मध्ये तडजोड झाली, आणि २०१३ साली व्हॉल्व्हचा ‘डोटा २’ बाजारात आला. निरनिराळ्या कर्त्यांचे हक्क निरनिराळ्या मार्गांनी या दोन कंपन्यांच्या हाती गेले.

त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी लिलिथ व यूकूल या कंपन्यांच्या मोबाइल-खेळांविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा केला. तेव्हा यूकूलच्या वतीने ते २००४ चे निवेदनच पुढे करण्यात आले. मूळ कर्त्याने कृती सर्वांस खुली केली असल्यामुळे तिच्यावर आता कोणाचाच प्रताधिकार नाही, असा बचाव होता. मॉड अनेक हातांनी घडला असल्यामुळे त्याचा कर्ता कोण हेही ठरविता येत नाही, असा दुसरा मुद्दा होता. मे २०१७ मध्ये न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी हे मुद्दे प्रतिवादीच्या बाजूने तत्काळ निकालात काढण्यास नकार दिला. निवेदनाचा अर्थ संपूर्ण हक्कत्याग, की इतर चाहत्यांना दिलेली मर्यादित मोकळीक, हा पुराव्याने ठरवावयाचा प्रश्न आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

तेरा वर्षांपूर्वी सहज लिहिलेल्या शब्दांचा अर्थ लावण्यासाठी चार कंपन्यांच्या विधिज्ञांना न्यायालयात उभे राहावे लागले. ‘ओपन सोर्स’ या संज्ञेने कोणता परवाना अभिप्रेत होता, व्यापारी उपयोगास मोकळीक होती की नव्हती, श्रेय देणे ही अट होती की विनंती, यांपैकी काहीही निवेदनात स्पष्ट नव्हते. चार ओळी अधिक लिहिल्या असत्या, तर वादाचा मोठा भाग उद्भवलाच नसता.

तिसऱ्याचे साहित्य

मॉडकर्ता व मूळ मालक यांच्याखेरीज तिसरा पक्ष असतो तो इतर मॉडकर्त्यांचा. परस्परांचे साहित्य वापरण्याची मोकळीक या समाजात परंपरेने चालत आली आहे. परंतु ती विनामूल्य व्यवहारावर उभी आहे. २३ एप्रिल २०१५ रोजी ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड विकत देण्याची सोय व्हॉल्व्ह व बेथेस्डा या कंपन्यांनी सुरू केली. विक्रीच्या रकमेपैकी पंचवीस टक्के कर्त्यास मिळावयाचे होते. विक्रीस ठेवलेल्या मासेमारीविषयक एका मॉडला दुसऱ्या कर्त्याच्या विनामूल्य कृतीतील हालचालींचा आधार आहे, असे लगेच निदर्शनास आले, आणि तो मॉड मागे घेण्यात आला. खेळाडूंचा विरोध इतका तीव्र होता की २७ एप्रिल रोजी संपूर्ण योजनाच रद्द झाली. पैसा मध्ये येताच शिष्टाचार अपुरा पडतो व लेखी अनुमतीची गरज भासते, हा या चार दिवसांचा धडा होय.

परवान्याची निवड

परवाना न लिहिणे म्हणजे कृती मुक्त करणे, हा गैरसमज फार प्रचलित आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रताधिकार निर्मितीबरोबर आपोआप उत्पन्न होतो, आणि परवाना नसल्यास इतरांस कृतीत फेरफार करण्याचा वा ती पुन्हा वाटण्याचा अधिकार मिळत नाही. कर्ता पुढे दिसेनासा झाला, की त्याचा मॉड दुरुस्त करण्यास कोणीही धजत नाही, आणि मूळ खेळाच्या नव्या आवृत्तीबरोबर तो मॉड निरुपयोगी होतो.

आज्ञावलीसाठी दोन प्रकारचे परवाने प्रचलित आहेत. एमआयटी परवान्यासारखे सैल परवाने केवळ परवान्याची व प्रताधिकाराची सूचना कायम ठेवण्याची अट घालतात. १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झालेला जीपीएल हा परवाना मात्र, साधित आज्ञावली वाटणाऱ्याने तिचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा, असा आग्रह धरतो. येथे मॉडकर्त्यापुढे एक विशेष अडचण उभी राहते. त्याची आज्ञावली ज्या इंजिनाशी जोडली जावयाची असते, त्याचा सोर्स कोड बहुधा बंद असतो, आणि असा संयोग जीपीएलच्या अटींशी जुळत नाही. अशा वेळी त्या विशिष्ट खेळाशी जोडण्याची जादा अनुमती कर्त्याने स्वतःच्या आज्ञावलीपुरती लिहून द्यावी लागते. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत अशा जादा अनुमतीची तरतूद आहे.

चित्रे, ध्वनी व लेखन यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने अधिक योग्य ठरतात. २००२ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले. आज्ञावलीसाठी ते वापरू नयेत, असा त्या संस्थेचाच सल्ला आहे. मूळ खेळाने व्यापारी उपयोगास मनाई केली असेल, तर अव्यापारी अटीचा परवाना निवडणे सुसंगत ठरते. हे परवाने एकदा दिल्यावर परत घेता येत नाहीत, म्हणून निवडीचा विचार प्रकाशनापूर्वीच व्हावयास हवा.

आज्ञावली व सामग्री यांना वेगळे परवाने देण्याचे उत्तम उदाहरण डूमचेच आहे. त्याचा सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरात अव्यापारी परवान्याखाली व १९९९ साली जीपीएलखाली खुला झाला. चित्रे, ध्वनी व नकाशे मात्र मालकाच्या ताब्यातच राहिले. ती पोकळी भरून काढण्यासाठी चाहत्यांनी ‘फ्रीडूम’ या प्रकल्पात संपूर्ण नवी सामग्री रचून ती मुक्त परवान्याखाली दिली. तळचा थरच नव्याने बांधला, तेव्हा हक्कांचा प्रश्नही मुळापासून सुटला.

भारतीय कर्त्यापुढील प्रश्न

भारतातील कर्त्याने १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील काही तरतुदी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. कलम १९ प्रमाणे हस्तांतरणात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. कलम ३०-अ अन्वये हेच नियम आवश्यक फेरफारांसह परवान्यासही लागू होतात. एमआयटी परवान्याच्या मजकुरात मुदत वा प्रदेश यांचा उल्लेख नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या चौथ्या आवृत्तीत दोहोंचा आहे. सबब पहिल्या प्रकारचा परवाना वापरणाऱ्याने ‘सर्व जगात व प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे एक वाक्य जोडणे हिताचे ठरेल. हक्क पूर्णपणे सोडावयाचा असल्यास कलम २१ मध्ये त्याची रीत सांगितली आहे: निबंधकास विहित सूचना द्यावी किंवा जाहीर सूचना प्रसिद्ध करावी. हक्क दुसऱ्यास दिल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा विशेष अधिकार कलम ५७ अन्वये कर्त्याकडेच राहतो.

एखाद्या परदेशी खेळातील संवाद मराठीत आणणारा मॉड हा येथील चाहत्यास सर्वांत जवळचा वाटण्याजोगा प्रकार आहे. परंतु भाषांतराचा अधिकारही मूळ मालकाचाच असतो. भाषेवरील प्रेम हे अनुमतीचे काम करू शकत नाही, हे जाणूनच अशा कामास हात घालावा.

प्रकाशनाची शिस्त

डूमच्या चाहत्यांनी आपल्या वॅड फाइली ज्या संग्रहात जमा केल्या, तेथे प्रत्येक फाइलीसोबत ठराविक नमुन्याची मजकूर-फाइल देण्याचा प्रघात पडला. कृतीचे नाव, कर्ता, वर्णन व कोणत्या आवृत्तीवर ती चालते ही माहिती तीत असे. शेवटी अनुमतीविषयी तयार वाक्ये असत: इतर कर्त्यांनी या कृतीच्या आधारे नवी कृती रचावी किंवा रचू नये, ही मजकूर-फाइल न बदलता कृती पुढे वाटावी किंवा वाटू नये, दुसऱ्यांचे साहित्य वापरले असल्यास त्यांची अनुमती घेतली आहे. कर्त्याने नको तो पर्याय तेवढा खोडावयाचा. कायद्याचे शिक्षण नसलेल्या तरुणांनी आपल्या गरजेतून घडविलेली ही पद्धती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या कितीतरी आधीची आहे.

आजच्या मॉडकर्त्यासही त्याहून फारसे वेगळे करावयाचे नाही. मॉडसोबत एक मजकूर-फाइल असावी. तीत आवृत्तीचा क्रमांक व दिनांक, मूळ खेळाचे नाव व तो मालकाचा असल्याची कबुली, स्वतः निर्मिलेल्या घटकांची यादी, उसन्या घटकांची त्यांच्या कर्त्यांच्या नावांसह व अनुमतीसह यादी, आणि आज्ञावली व चित्रे यांचे स्वतंत्र परवाने नमूद असावेत. एकाहून अधिक जण काम करीत असल्यास प्रत्येकाने आपला वाटा त्याच परवान्याखाली दिला असल्याचे आरंभीच लिहून घ्यावे. आपण काम थांबविल्यास ते कोणी व कोणत्या अटीवर पुढे न्यावे, हेही सांगून ठेवणे उचित होय.

पहिला मॉड करणारा बहुधा विद्यार्थिदशेतील असतो. त्याची कृती दहा जणही पाहणार नाहीत असे त्यास वाटत असते, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. तथापि कोणती कृती टिकेल हे प्रकाशनाच्या दिवशी कोणासच सांगता येत नाही. यूललाही ते ठाऊक नव्हते. परवान्याच्या चार ओळी लिहिण्यास लागणारा वेळ एखादे चित्र रंगविण्याच्या वेळेहून अधिक नाही. परंतु कर्ता दृष्टीआड झाल्यानंतर त्याच्या वतीने बोलावयास त्या ओळींवाचून दुसरे कोणी उरत नाही.